दोन मनगटं

धाकटीने डावा हात काचेच्या टेबलावर ठेवला. विक्रेत्या मुलीने तो हळूच उताणा केला आणि मनगटावर दोनदा फवारा मारला.

"आता उजवा द्या, काकू. आणि लगेच नाकाशी नेऊ नका. आधी स्पिरिट उडू दे."

धाकटीने उजवा हात पुढे केला, पण त्याआधी तो रुमालाला पुसून घेतला. तिच्या नखांच्या कडांना पितळेचा बारीक चुरा कायमचा बसलेला होता. किल्ल्या करणाऱ्या माणसाचे हात किती धुतले तरी पहिल्या दिवसासारखे होत नाहीत, आणि तिने तर तीस वर्षं किल्ल्या केल्या होत्या. मुलीने हाताकडे पाहिलं आणि दुसरी बाटली उचलली.

दोन खोकी टेबलावर शेजारी शेजारी उभी होती. दोन्ही गुलाबी, दोन्हींवर कसलं तरी फूल, आणि खाली बारीक अक्षरांत कुठल्या तरी बड्या परदेशी सेंटचं नाव लिहून पुढे 'पासून प्रेरित' असं छापलेलं. मूळ सेंटच्या किमतीत धाकटीच्या दुकानातलं मशीन आलं असतं, आणि ही बाटली एका दिवसाच्या भाजीत बसत होती.

"प्रेरित म्हणजे नक्कलच ना?" तिने विचारलं.

"नक्कल नाही हो काकू. प्रेरित."

"आमच्या धंद्यात याला डुप्लिकेट म्हणतात," धाकटी म्हणाली, आणि मुलगी हसली. तिला हसवल्याचं धाकटीलाही बरं वाटलं, कारण दुकानात शिरल्यापासून ती अवघडून गेली होती. त्रेपन्न वर्षांत तिने स्वतःसाठी सेंट विकत घेतला नव्हता.

कुणासाठी हवाय, असं मुलीने विचारलं. एक माझ्यासाठी, एक बहिणीसाठी, असं धाकटीने सांगितलं. मग बहीण कशी आहे ते सांगा, त्यावरून निवडू, असं मुलीचं म्हणणं पडलं.

"माझ्यासारखीच."

"म्हणजे स्वभावाने का?"

"नाही. सगळ्यानेच."

धाकटी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हतं. पण जुळ्या मुलींच्या घरात कागदावरची नावं शाळेच्या हजेरीपुरतीच असतात. वीस मिनिटं आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी, की झालं बारसं. नाक तेच, कपाळ तेच, आवाज तर असा की फोनवर खुद्द बाबा फसायचे. वीस मिनिटांचा काय तो फरक. पण त्या वीस मिनिटांच्या जोरावर खिडकीजवळची खाट थोरलीची झाली, नवी वही आधी तिने उघडली, आणि फोटोत ती नेहमी बाबांच्या उजव्या हाताला उभी राहिली. धाकटीने तक्रार कधी केली नाही. पण कुठल्याही गोष्टीतलं चांगलं ते थोरलीचं आणि उरलेलं आपलं, हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की दोन कपांतला कान तुटलेला कप हात आपोआप आपल्याकडे ओढायचा.

मुलीने दोन्ही सेंट समजावून सांगितले. डाव्या हातावरचा पांढऱ्या फुलांचा, शांत. पटकन कळत नाही, पण संध्याकाळपर्यंत टिकतो. वयाने मोठ्या बायका हाच नेतात. उजव्या हातावरचा गुलाबाचा, वर जरा फळांचा गोडवा. कॉलेजच्या मुली दोन-दोन बाटल्या उचलतात.

म्हणजे निवडायला काही उरलंच नव्हतं. शांत तो थोरलीचा, गोड तो धाकटीचा. आंधळ्यालाही दिसावं इतकं सरळ.

धाकटीने डावं मनगट नाकाशी नेलं आणि तिथेच ठेवलं. मग उजवं नेलं आणि लगेच खाली घेतलं. मग पुन्हा डावं. तिला डावा आवडला होता, तीच तर पंचाईत होती.

"अर्धा दिवस अंगावर राहू द्या," मुलगी म्हणाली. "खरा वास नंतर कळतो. उद्या येऊन घ्या, कुठे पळून जातोय."

सेंटची ही कल्पना थोरलीची. ती तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहायची, टेलिफोनच्या ऑफिसात आता विभागप्रमुख होती, आणि फक्त रविवारी बसने यायची. उंटावरून शेळ्या हाकायची तिची सवय जुनी. बाबांचे डोळे काचबिंदूने गेले त्याला दोन वर्षं झाली होती. डोळे गेले, पण डोकं खणखणीत होतं. गल्लीतल्या कुठल्या दाराला कुठलं कुलूप आहे, कुणी कधी किल्ली हरवली आणि कुणी हरवल्याचं नाटक केलं, हे सगळं त्यांना अजून तोंडपाठ होतं. फक्त मुली ओळखू येईनात.

रोज संध्याकाळी धाकटी दुकान बंद करून घरी येई, कुलूप उघडून आत पाऊल टाकी, आणि आतल्या खोलीतून हाक येई.

"आलीस का थोरले?"

"थोरली नाही बाबा, धाकटी."

"बरं बरं," बाबा म्हणत.

पहिल्यांदा ती हसली होती. महिनाभराने हसू थांबलं. सकाळी दाढीचं पाणी काढायचं ते तिने, डोळ्यांत थेंब घालायचे ते तिने, रात्री कूस बदलल्याचा आवाज आला तरी जाग यायची ती तिला. आणि वाट पाहायची ती थोरलीची. बरं, चुकावं तर कधी चुकून बरोबर तरी यावं. डोळे मिटून दगड मारला तरी दहातले चार-पाच नेमावर बसतात. बाबांचा दोन वर्षांत एकही बसला नव्हता. रविवारी खरी थोरली आली की तिला "धाकटे, आलीस का?" म्हणत. थोरली बिचारी फोनवर सांगायची, की मलाही दर वेळी दुरुस्त करावं लागतं गं. तेवढंच काय ते समाधान. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो, आणि उरलेले सहा दिवस धाकटीला आपल्याच घरात दुसऱ्याच्या नावाने शिरावं लागे.

शेवटी थोरलीने तोडगा काढला. वेगवेगळे सेंट लावायचे. बाबांना एकदा सांगून ठेवायचं, हा वास आला की ही, तो आला की ती. कुठला कुणाचा ते तूच ठरव, मला काहीही चालेल, असं म्हणून तिने फोन ठेवला. थोरल्या माणसाला काहीही चालतं, कारण चांगलं तेच आपल्याकडे येणार हे त्याला ठाऊक असतं, असं धाकटीला त्या दिवशी वाटलं. तसं वाटल्याची नंतर लाजही वाटली.

दुपारभर दुकानात तिचे हाल झाले. वास उडू नये म्हणून मनगटं वर धरून किल्ल्या कापायच्या म्हणजे सर्कसच. कोरी किल्ली पकडीत बसवताना ती कोपरं पसरायची, कानस चालवताना हात लांब धरायची. एका पेन्शनर गिऱ्हाइकाने चष्म्यावरून पाहून विचारलं, खांदा धरलाय का. दुसऱ्या बाईने हुंगून विचारलं, दुकानात फुलं आणलीत का. धाकटीने दोघांनाही हो म्हटलं. अधूनमधून कुणी नसलं की ती डावं मनगट हुंगून घ्यायची. स्पिरिट उडालं होतं आणि आता त्या पांढऱ्या फुलांना स्वच्छ धुतलेल्या चादरीसारखा काहीसा वास येत होता. उजवीकडचा गुलाब अजून नाचत होता. वाईट नव्हता, पण त्रेपन्न वर्षांच्या बाईने तो लावून बाबांच्या खोलीत जायचं म्हणजे दोन वेण्या घालून जाण्यासारखं.

एकदा तिच्या मनात आलं, की डावा आपण ठेवून घ्यावा आणि गुलाब थोरलीकडे पाठवून द्यावा. तिला काय कळणार आहे? काहीही चालेल म्हणाली ना? मग तिने एका किल्लीच्या मानेवर कानशीने चरा ओढला. डुप्लिकेट किल्लीवर तो बारीक चरा ओढायचा, म्हणजे गिऱ्हाइकाची मूळ किल्ली आणि आपण केलेली यांची अदलाबदल होत नाही, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. चरा ओढता ओढता तिने मनातला विचार खोडून टाकला. बाबांच्या नाकाला तरी खरं काय ते कळू दे. शांत ती थोरली.

संध्याकाळी तिने कुलूप उघडलं.

"आलीस का थोरले?"

"थोरली नाही बाबा, धाकटी."

"बरं बरं."

रोज ती आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. आज नुसती बोटं नळाखाली धरली, चहा टाकला, कप त्यांच्या हाती दिला आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. दिसत काही नसलं तरी संध्याकाळचं ते तिकडेच तोंड करून बसत.

तिने त्यांना सगळं सांगितलं. थोरलीची कल्पना, दुकान, ती मुलगी, दोन खोकी. सांगताना आपण जास्तच बोलतोय हे तिला जाणवत होतं. बाबा चहा पीत ऐकत राहिले. प्रेरित या शब्दाशी ते थांबले आणि तो पुन्हा म्हणून पाहिला.

"डुप्लिकेट म्हणायची लाज वाटते वाटतं लोकांना," ते म्हणाले. "डुप्लिकेटला काय झालंय? मूळ किल्ली खिशात घासून झिजलेली असते. कधी कधी डुप्लिकेटच कुलपात जास्त नीट फिरते."

"हात द्या बाबा."

त्यांच्या हातात तिने आधी डावं मनगट दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेलं. कुलूप दुरुस्त करताना कानाशी नेत, तसं. बराच वेळ हुंगलं. मग उजवं मागितलं. गुलाब नाकात जाताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हा खोडकर आहे."

"तो माझा," धाकटी म्हणाली. "डावा थोरलीचा. नीट लक्षात ठेवा. शांत वास आला की थोरली, गोड आला की मी."

"असं का?"

"असं का म्हणजे? शांत आहे, टिकणारा आहे. मोठ्या बायकांचा आहे, असं ती मुलगी म्हणाली."

बाबांनी उजवं मनगट सोडलं आणि चाचपत पुन्हा डावं धरलं.

"हा थोरलीचा. बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मग हाच तू ठेव."

धाकटीने डोळे मिटून घेतले. एवढं सगळं समजावून झाल्यावरही तेच. तिचा आवाज चढला नाही, पण जड झाला.

"बाबा, मी धाकटी आहे."

"तू कोण ते मला ठाऊक आहे."

"कसं ठाऊक आहे? आत्ता दारातून आले तेव्हा थोरले म्हणालात."

"अगं, कुलुपं करण्यात हयात गेली माझी," बाबा म्हणाले. "दाराला किल्ली कुणी लावली ते मला कळणार नाही? तू किल्ली आत सोडतेस आणि एकदाच फिरवतेस. ती आधी खडखड करते, मग उलटी फिरवते, मग स्वतःवर चिडते. तीन वर्षांची होती तेव्हापासून तिला कुलूप उघडता येत नाही."

धाकटीने स्टूल आणखी जवळ ओढलं. दोन वर्षं, रोज, एकही चूक नव्हती. मग काय होतं ते?

"मग रोज थोरले का म्हणता?"

बाबांनी कप खाली ठेवायला जागा शोधली. तिने तो त्यांच्या हातातून घेतला.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दोघी जन्मल्या तेव्हा सुइणीने पहिल्या मुलीच्या मनगटाला निळा दोरा बांधून दिला होता. दोरा सुटू देऊ नका, नाहीतर देवालाही सांगता येणार नाही, असं बजावलं होतं. बाराव्या दिवशी आई दोघींना घमेल्यात अंघोळ घालत होती आणि बाबा पंचा धरून उभे होते. दोघींना पंच्यात घेतलं, खाटेवर ठेवलं, आणि पाहतात तर दोरा घमेल्यातल्या पाण्यावर तरंगत होता. दोघी उघड्या, दोघी लालबुंद, दोघी रडत होत्या. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे.

"गावाच्या किल्ल्यांवर चरे ओढत होतो मी," बाबा म्हणाले, "म्हणजे अदलाबदल नको. आणि माझ्या स्वतःच्या पोरींवर एक खूण नव्हती."

"मग?"

"मग काय. जी माझ्या हाताशी जवळ होती तिच्या मनगटाला दोरा बांधला. ती झाली थोरली. तुझी आई हसली. म्हणाली, दोघींना सारखंच वाढवायचंय ना, मग फरक काय पडतो?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. बाबांनी तिकडे कान दिला आणि परत वळले.

"फरक पडला," ते म्हणाले.

तो कधी पडला हे त्यांना सांगावं लागलं नाही. दोघी सोळा वर्षांच्या असताना आई गेली. एकट्या किल्ल्यांवर घर चालेना, आणि दोघींपैकी एकीला शाळा सोडून नोकरीला लागावं लागणार हे स्पष्ट झालं. धाकटीला ती संध्याकाळ आठवत होती, कारण त्या संध्याकाळी ती पडद्याआड उभी राहून देवाला विनवत होती, की मी नको. आणि मग थोरली बाहेर येऊन आपली पुस्तकं तिच्या फळीवर ठेवू लागली होती. एक शब्द बोलली नव्हती. दुसऱ्या शहरात टेलिफोनवर बसायला गेली, दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत राहिली, आणि धाकटी पुढे दोन वर्षं तिच्या पैशांवर शिकली.

"मी तिला एवढंच म्हटलं, तू थोरली आहेस," बाबा म्हणाले. "बाकी काही सांगावं लागलं नाही. तिने का म्हणून विचारलंही नाही. ती बसमध्ये बसली, बस हलली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, दोरा चुकला असेल तर?"

धाकटी उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली. तिला राग यायला हवा होता. आयुष्यभर वीस मिनिटांनी मागे राहिलेली बाई आपण, आणि ती वीस मिनिटं कुणाची होती हेच कुणाला ठाऊक नाही. पण राग काही येईना. पडद्याआडची ती सोळा वर्षांची मुलगी मात्र डोळ्यांसमोरून हलेना. मी नको, असं ती म्हणाली होती, आणि ते ऐकलं गेलं होतं, फक्त एका ओल्या दोऱ्याच्या जोरावर. आपल्या वाट्याला नेहमी उरलेलं आलं असं ती आजवर समजत होती. तिला बहिणीची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी लाज, की तिने डोळ्यांना रुमाल लावला. बाबांना दिसणार नव्हतं, तरी तोंड वळवून लावला.

"हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"धीर होईना. इतकी वर्षं गेली की चूक सांगायची सोय राहत नाही. मग डोळे गेले. म्हटलं, आता दिसतच नाही तर दोरा कुणाच्या हाताला होता ते मी कशाला मानू? कामावरून ओळखतो. सहा दिवस घर जिच्यावर उभं आहे ती थोरली. रविवारी येते, पाय वर घेऊन बसते, तुझ्या हातचा आयता चहा पिते, माझ्या उशाशी बसून ऑफिसातल्या चहाड्या सांगते, ती धाकटी. पिऊ दे तिला आयता. सोळाव्या वर्षापासून तिला कुणी आयता दिलाय?" ते थोडं थांबले. "हाक मारून बघत होतो. एखादी तरी ओ देईल म्हणून. तुम्ही दोघी आपल्या रोज दुरुस्त करता."

धाकटी रडता रडता हसली. हसल्याचा आवाज बाबांनी ऐकला आणि तेही जरा सैल झाले. त्यांनी पुन्हा तिचं डावं मनगट चाचपून धरलं आणि अंगठ्याने हळूहळू चोळत राहिले.

"मग आता सेंटची गरजच नाही की," ती म्हणाली.

"घे ना. ओळखायला नको, असाच घे. छान आहे. तुझ्या आईला असलं काही मी कधी आणलं नाही."

दिवेलागणीला थोरलीचा फोन आला. रोजच यायचा, ऑफिसातून घरी पोचली की. धाकटीने तो बाबांच्या खाटेशी बसूनच घेतला. काय केलंस, बाबा जेवणार काय, थेंब घातलेस का, असे थोरलीचे ठरलेले प्रश्न झाले. विचारणाऱ्या आवाजात दमणूक होती. ती आजच आली होती असं नाही. धाकटीने ती आजच ऐकली.

मग थोरलीने सेंटचं विचारलं. उद्या घेते, ठरलंय, असं धाकटीने सांगितलं.

"मला कोणता?"

"गुलाबाचा. गोड आहे. कॉलेजच्या मुली नेतात तसला."

"अगं, ऑफिसात माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. काय म्हणतील ती?"

"म्हणू देत. तुला शोभेल."

थोरली हसली, पण नको म्हणाली नाही. धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि कान इकडे लावून बसले आहेत हे लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नव्हता.

"आणि ऐक," धाकटी म्हणाली. "रविवारी बाबांनी तुला धाकटे म्हणून हाक मारली, तर दुरुस्त करू नकोस. नुसती ओ दे."

पलीकडे कुठेतरी पाण्याचा नळ चालू होता, तो थोरलीने बंद केला.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला आवडतं गं ते. दारात उभी राहून दोन मिनिटं मी तशीच ऐकत राहते. मग वाटतं, हे तुझं नाव आहे, मी कसं घेऊ? म्हणून दुरुस्त करते."

धाकटीने डावं मनगट नाकाशी नेलं.

"त्रेपन्न वर्षं वापरलंय मी ते," ती म्हणाली. "पुष्कळ झालं. आता तू घे."

"म्हणजे काय गं?"

धाकटीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडचं तोंड वळवलं होतं आणि फोनसाठी हात पुढे केला होता.